‘दुहेरी टीप’ सांभाळणारी बाई

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली आहे. फाटलेल्या चादरी, बंद तुटलेले गाऊन, उसवलेले अभ्रे असं सगळं वरच्या मजल्यांवरून तिथे येऊन पडतं. ते शिवून परत वर पाठवायचं काम ती एकवीस वर्षं करत होती. कामावर तिला सगळे शिवणबाई म्हणत. पण इंटरनेटवर, तिला कधीही न पाहिलेल्या सहा हजार माणसांत, ती ‘बॉबिनताई’ होती. खरं सांगायचं तर त्या नावाने कुणी हाक मारली की तिची मान जरा ताठ व्हायची.

तो मंगळवार होता. दुपारी डबा उघडून ती पहिला घास घेणार, तोच फोनवर निरोप आला. एका जुन्या सभासदाने लिहिलं होतं, “बॉबिनताई, आपल्या फोरमवर गेलं की लाल पाटी येतेय. ही जागा धोक्याची आहे, मागे फिरा, असं म्हणतेय. माझाच फोन बिघडलाय का?”

तिने आपल्या फोनवर पाहिलं. लाल पाटी. धुलाईखान्यातल्या इस्त्रीवालीच्या फोनवर पाहिलं. तिथेही तेच. हातातला घास तिने परत डब्यात ठेवला.

‘दुहेरी टीप’ हा जुन्या शिलाई मशीनच्या वेड्यांचा फोरम. माळ्यावर गंजत पडलेली, भंगारातून उचललेली मशीन पुन्हा चालती करायची, एवढंच या लोकांचं व्यसन. कुणीतरी फोटो टाकायचा, टाका खालून सैल येतोय म्हणायचा, आणि मग चार गावचे चार जण हमरीतुमरीवर यायचे की दोष दोऱ्याच्या ताणाचा आहे की सुईच उलटी बसवलीय. हा फोरम सुरू केला होता मास्तरांनी. ते एका तंत्रशाळेत मशीन दुरुस्ती शिकवायचे. निवृत्त झाल्यावर समोर शिकायला कुणी उरलं नाही, म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हे दुकान मांडलं. प्रत्येक चर्चेला तिथे ‘धागा’ म्हणत, आणि धागा भरकटला की मास्तर लिहायचे, “गुंता झालाय. कापा आणि नवीन ओवा.”

ती तिथे गेली ती आईचं अडकलेलं मशीन घेऊन. मास्तरांनी तिच्याकडून अडतीस उत्तरांत ते पुरतं उघडून घेतलं, साफ करून घेतलं आणि जोडून घेतलं. एकदाही म्हणाले नाहीत की हे तुला जमायचं नाही. शेवटच्या स्क्रूनंतर चाक गर्रकन फिरलं, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली होती. त्यानंतर ती तिथलीच झाली. नवख्याचा प्रश्न संध्याकाळपर्यंत बिनउत्तराचा राहता कामा नये, हा नियम तिने घातला. कुणी तीन आठवडे दिसलं नाही तर ती स्वतः विचारपूस करायची. कुठलंही मशीन असो, ‘आधी तेल घाला’ म्हणणारे तेलकाका आणि त्यांना दर वेळी खोडून काढणारे वकीलसाहेब यांच्यातली भांडणं ती अशी मिटवायची, की दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटावं.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हा त्यांनी बायकोकरवी, म्हणजे काकूंकरवी, वहीची चार पानं लिहून घेतली आणि फोरमच्या किल्ल्या तिच्या हवाली केल्या. पासवर्ड कुठे बदलायचा, काही जुनं झालं की नवीन कसं चढवायचं, बॅकअप कुठे साठतो. ती चादरी शिवणारी बाई. सर्व्हर म्हणजे काय हे तिने त्या चार पानांवरून आणि रविवारच्या दुपारी डोळे फोडून शिकून घेतलं.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी येऊन फोरमला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. तिचं म्हणणं ऐकून घेतलं, मग बराच वेळ नुसती कळफलकाची खटखट.

“मॅडम, तुमच्याकडे फोटो चढवायला एक जोडप्रोग्राम आहे. त्याचं अपडेट चौदा महिने राहिलंय. त्या भोकातून कुणीतरी आत शिरलं.”

ते अपडेट तिला ठाऊक होतं. रोज पानाच्या माथ्यावर पिवळी पट्टी यायची. पण त्याआधी एकदा अपडेट केल्यावर सगळे फोटो गायब झाले होते, मास्तर आजारी, आणि ते निस्तरता निस्तरता तिचे आठ दिवस गेले होते. तेव्हापासून ती पट्टी दिसली की ती मनाशी म्हणायची, आज नको, निवांत रविवारी. असे चौदा महिन्यांचे रविवार गेले.

“आत शिरून काय केलं?”

“जुन्या धाग्यांपासून सुरुवात केलीय. मजकूर पुसून जुगाराच्या जाहिराती भरल्यात. तीन आठवडे चाललंय हे. आमच्याकडे मागच्या फक्त सात दिवसांची प्रत असते, म्हणजे तीही बिघडलेलीच. शेवटची दोनेक वर्षं शाबूत दिसतायत. त्याआधीचं गेलं.”

“माझ्याकडे रोजचा बॅकअप आहे,” ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

तिने यादी उघडली. रोजची एक फाइल, तारीखवार, ओळीने. महिनाभरापूर्वीची उघडली. रिकामी. त्याआधीची रिकामी. आता तिचं लक्ष आकाराच्या रकान्याकडे गेलं. वीस बाइट, वीस बाइट, वीस बाइट. रोज पहाटे तिच्या सर्व्हरने न चुकता एक रिकामी पिशवी बांधून फळीवर ठेवली होती. आणि मग एकोणीस महिन्यांपूर्वी काय झालं होतं, ते तिला आठवलं. सुरक्षेसाठी म्हणून तिने मुख्य पासवर्ड बदलला होता. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला नवीन पासवर्ड सांगायचा राहून गेला. तो बिचारा रोज बंद दारावर जुनी किल्ली लावून परत जात होता.

एकोणीस महिन्यांपूर्वीची शेवटची भरलेली फाइल तरी असेल म्हणून तिने खाली खाली पाहिलं. जागा पुरावी म्हणून वर्षाहून जुनं आपोआप काढून टाकण्याची सोय होती. ती सोय तिनेच केली होती.

नवरा कामावरून आला तेव्हा ती खुर्चीत तशीच बसलेली. तो बस डेपोत वेळापत्रक लावायचा. कुठली गोष्ट किती उशिरा आली हे त्याला न सांगता कळायचं.

“जेवली नाहीस?”

“अहो, नऊ वर्षं पुसली गेली,” ती म्हणाली. “मास्तरांचे सगळे धडे. माझ्या हातून.”

त्याने पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला.

पण याहून वाईट बातमी बुधवारी आली. कंपनीच्या माणसाने आपणहून फोन केला. नोंदी तपासताना त्याला दिसलं होतं, की शिरणाऱ्याने सभासदांची अख्खी यादी उतरवून नेली आहे. नावं, ईमेल आणि आपसातली खासगी पत्रंसुद्धा. “कुठेतरी उघड्यावर टाकतात हे लोक,” तो म्हणाला. “तुम्ही सभासदांना कळवायला हवं.”

खासगी पत्रं. फोरमवर सुट्या भागांची देवघेव चालायची. एकाकडे जास्तीचं शटल असेल तर तो दुसऱ्याला पाठवायचा. त्यासाठी लोक एकमेकांना पत्ते द्यायचे, आणि ते पत्रांत तसेच पडून राहायचे.

तिला निळी आठवली.

निळी ही चार वर्षांपूर्वी आलेली सभासद. तिच्या हातमशीनला आकाशी रंग दिलेला, म्हणून नाव निळी. पहिलं वर्षभर ती फक्त प्रश्न विचारायची आणि आभार मानायची. मग एकदा तिने बॉबिनताईला एकटीला लिहिलं होतं, की नवरा मारतो, आपण घर सोडलं, येताना फक्त मशीन उचललं, आता नव्या नावाने दुसऱ्या गावात आहोत. जुनं खातं बंद करून नवीन काढून द्याल का? तिने दिलं होतं. मागच्या वर्षी निळीला एक शटल हवं होतं. तेलकाकांनी पाठवलं. आणि निळीचा पत्ता तेलकाकांना बॉबिनताईनेच कळवला होता, खासगी पत्रातून, इमारत, मजला, दाराचा रंग यांच्यासकट.

निळीने एकदा हेही लिहिलं होतं, की नवऱ्याला या फोरमचं नाव माहीत आहे. तो पाळत ठेवून आहे.

“मी सगळ्यांना खरं लिहिणार आहे,” तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

“सर्व्हर बिघडला एवढं लिही. ते खोटं कुठे आहे?”

“पत्ते गेलेत त्यांचे.”

“अगं, सहा हजारांतले दोनशे जण जेमतेम येतात. कोण विचारतंय? आणि तू खरं लिहिलंस की सगळे तुझ्यावर तुटून पडतील. दहा वर्षं रविवार घातलेस तू त्यात. त्याची पावती म्हणून शिव्या खाणार?”

तो तिच्या भल्याचंच बोलत होता, हे तिलाही कळत होतं. ती म्हणाली, “निळीला मी कुठल्या तोंडाने सांगू की सर्व्हर बिघडला?”

तो म्हणाला, “तिला आधी फोन कर. बाकीच्यांना नंतर.”

तिने लावला. निळीने दुसऱ्या रिंगलाच उचलला. मागे मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. बॉबिनताईने सगळं सांगितलं. पिवळ्या पट्टीपासून, काही न लपवता.

“दाराचा रंगसुद्धा?” निळीने विचारलं.

“हो. मीच लिहिला होता.”

“बरं.” मग ती म्हणाली, “मला इथे वर्ष झालं नव्हतं तोवर मी खिडकीही उघडत नव्हते, ताई. आत्ता कुठे शेजारीण ब्लाउज शिवायला द्यायला लागली होती.”

“मी काय करू, सांग.”

“तुम्ही काय करणार,” निळी म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. “मला निघायला हवं. मावशीकडे जाता येईल. पण माझ्याकडे आता तीन मशीन आहेत, गिऱ्हाइकांचं कापड आहे. एकटी कशी हलवू?”

फोन ठेवून तिने तेलकाकांना लावला. त्यांच्याकडे मालवाहू टेम्पो होता, भाजी आणि फर्निचर नेण्याचा धंदा. काका तोंडाचे फटकळ. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा तिला फैलावर घेतलं. “पत्ता लिहिलात कशाला? फोन करून सांगता येत नव्हता? आणि अपडेट करायचं नव्हतं तर किल्ल्या घेतल्यातच कशाला?” ती ऐकत राहिली. मग काका म्हणाले, “शुक्रवारी सकाळी सातला निघतो. चार तासांचा रस्ता आहे. तुम्ही येणार असाल तर कोपऱ्यावर उभ्या राहा.”

गुरुवारी तिने पत्र लिहिलं. सात वेळा खोडून आठव्यांदा पाठवलं. त्यात तिने लिहिलं की चूक कंपनीची नाही, प्रोग्रामची नाही, माझी आहे. काय गेलं, काय राहिलं, कुणाचे पत्ते धोक्यात आहेत, पासवर्ड कुठे कुठे बदलावे. शेवटी लिहिलं, ज्यांना माझ्यावर विसंबायचं नसेल त्यांचं बरोबर आहे.

दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला आणि नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. तिची लाज काढणारे होते. मास्तर धडधाकट असते तर हे झालं नसतं, असं लिहिणारे होते. ज्याचं मशीन तिने सलग सोळा दिवस धीर देऊन दुरुस्त करून घेतलं होतं, त्याने एका ओळीत नाव काढून टाकायला सांगितलं. वकीलसाहेबांनी तीन पानी पत्र पाठवलं. ती ते उघडायलाच धजावली नाही. हॉस्पिटलच्या तळघरात ती गाऊनचे बंद शिवत बसली. सुई बोटात गेली, तर रक्त चादरीला लागू नये म्हणून बोट तोंडात धरून ती नुसतीच भिंतीकडे बघत राहिली. इस्त्रीवालीने विचारलं, “घरी कुणी गेलं का?” ती नाही म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती टेम्पोत चढली. निळीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, दार हिरवं. दार उघडणारी बाई तिच्या कल्पनेपेक्षा लहानखुरी आणि वयाने मोठी निघाली. सामान आधीच बांधलेलं होतं. तिघांनी मिळून मशीन उतरवली. जड पायमशीन जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा काकांनी खिशातून तेलाची छोटी बाटली काढली, बिजागरीवर दोन थेंब सोडले आणि पट्टा काढून टेबल दुमडलं. निळी जवळजवळ हसली. मग खालून कुणाची तरी पावलं वर येताना ऐकू आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. वर आली ती शेजारीण होती. तिने विचारलं, “अगं, माझा ब्लाउज?” निळीने पिशवीतून तिचं कापड काढून परत दिलं. शेजारणीला काहीच कळेना. “अशी अचानक कुठे?” असं ती विचारेपर्यंत निळी जिना उतरायला लागली होती.

मावशीचं घर कुठे आहे हे निळीने तिला सांगितलं नाही. अर्ध्या वाटेवर एका पेट्रोल पंपापाशी मावशीचा मुलगा दुसरी गाडी घेऊन आला होता. सामान तिथे बदललं. निळी म्हणाली, “तुम्हाला माहीत नसलेलं बरं.” ती मान हलवून बाजूला झाली. परतीच्या वाटेवर काका एवढंच म्हणाले, “तिला खरं सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर ती आज तिथेच बसली असती.”

रविवारी ती मास्तरांकडे गेली. काकूंनी दार उघडलं आणि डोळ्यांनीच सांगितलं की त्यांना ठाऊक आहे. मास्तर पलंगावर उशीला टेकून बसले होते. तिने जवळ बसून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आजारामुळे त्यांना पटकन रडू येतं, हे तिला माहीत होतं. तरी ते पाणी आजाराचं नव्हतं, हेही कळत होतं. बऱ्याच प्रयत्नांनी त्यांनी एक शब्द काढला, “धडे?”

“गेले, मास्तर.”

त्यांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग भिंतीकडे तोंड केलं. काकू म्हणाल्या, “पोरी, आज जा. त्यांना वेळ लागेल.”

वकीलसाहेबांचं पत्र तिने त्यानंतर दोन दिवसांनी उघडलं. अडीच पानं तिच्या चुकांचीच होती, मुद्देसूद, क्रमांक घालून. उरलेल्या अर्ध्या पानात त्यांनी लिहिलं होतं, की आपल्या ओळखीत कोर्टातल्या एक निवृत्त टायपिस्टबाई आहेत. पडद्यावर वाचून त्यांचे डोळे दुखतात, म्हणून त्या मास्तरांचे धडे छापून फायलींत लावत आल्या आहेत. नऊशेच्या वर पानं आहेत. त्या पुन्हा टाइप करायला तयार आहेत, पण फोटो करायचे काय, ते बॉबिनताईंनी ठरवावं.

ती ते वाचून उठली, दोन वेळा खोलीत फेऱ्या मारल्या, पुन्हा वाचलं.

फोरम उघडायला अडीच महिने लागले. सगळं परत आलं नाही. टायपिस्टबाईंकडे धडे होते, पण त्यांखालच्या लोकांच्या शंका आणि भांडणं नव्हती. त्यांनी ती कधी छापलीच नव्हती. फोटो तर जवळजवळ सगळेच गेले. सहा हजारांपैकी तीनशे सतरा जणांनी पुन्हा नाव नोंदवलं. आता तिथे पत्ता लिहिताच येत नाही. कुणी लिहिला तर प्रोग्राम तो अडवतो, आणि खासगी पत्रं महिन्याने आपोआप नाहीशी होतात. अपडेटचं काम आता तिघे वाटून करतात. त्यात वकीलसाहेब आहेत आणि ते एक दिवसही उशीर खपवून घेत नाहीत. बॅकअप आला की ती तो नुसता पाहून सोडत नाही. दर रविवारी दुपारी घरच्या जुन्या लॅपटॉपवर अख्खा उघडते आणि कुठलाही एक धागा वाचून बघते. नवरा शेजारी वर्तमानपत्र वाचत असतो. तो विचारतो, “भरलेला आहे ना?” ती म्हणते, “आहे.” पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो.

मास्तरांना टाइप झालेला पहिला धडा काकूंनी वाचून दाखवला. ते काय म्हणाले, हे काकूंनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

निळीचा फोन पावसाळा संपता संपता आला. अनोळखी नंबरवरून.

“मी ठीक आहे,” ती म्हणाली. “तो त्या जुन्या इमारतीत जाऊन आला म्हणे. आम्ही निघाल्यावर बाराव्या दिवशी. शेजारणीने कळवलं. दार बराच वेळ ठोठावत होता.”

बॉबिनताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही फोन केला नसता तर,” निळी म्हणाली, आणि ते वाक्य तिने तिथेच सोडून दिलं. “हा नंबरही मी उद्या बंद करतेय. तुम्ही शोधू नका मला. फोरमवर मी आले तरी सांगणार नाही की मी आहे.”

“नाही शोधणार.”

“आणि ताई, त्या पायमशीनचा पट्टा सारखा घसरतोय. काकांनी तेल जास्त घातलं होतं त्या दिवशी.”

“पट्टा काढ, चाकाची खाच रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी कर,” तिने सांगितलं. “मग अर्धा इंच कापून पुन्हा जोड. घाई करू नकोस.”

“बरं,” निळी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ती तळघरातल्या खोलीत होती. समोर वरच्या मजल्यावरून आलेला चादरींचा ढीग तसाच पडला होता. तिने फोनमधून तो नंबर काढून टाकला, खरंच गेला का ते दोनदा तपासलं, आणि वरची पहिली चादर ओढून घेतली.